जागा पाहणे

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्या काळात जन्मली, त्या काळी घर बांधणाऱ्याला निदान पायाचे दगड तरी दिसत. आजचा मध्यमवर्गीय गृहस्थ घर बांधीत नाही. तो जागा ‘पाहतो’. रविवारी सकाळी सहकुटुंब निघायचे, नमुन्याच्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत सोफ्यावर अंग चोरून बसायचे, सरबत घ्यायचे आणि ‘घरी विचार करून कळवतो’ म्हणून उठायचे! मुलगी पाहण्याचा जुना कार्यक्रमच हा. फरक एवढाच की, येथे पाहायला गेलेल्यांनीच हुंडा द्यायचा असतो, आणि तोही वीस वर्षे.

हुंड्याचा आकडा तर ऐकाच. चाळीस लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ३४,७०० रुपये बसतो आणि फेड होईपर्यंत बँकेला सुमारे ८३ लाख पोचतात. म्हणजे एका घरात आपण राहतो आणि दुसरे बँकेला बांधून देतो. पंचेचाळिशीच्या प्राध्यापकाला तर वीस वर्षेही मिळत नाहीत. निवृत्तीची तारीख बँकेला त्याच्याआधी दिसते.

आमच्या आजोबांच्या पिढीला ही यातायात पडली नाही. गिरगावात नाहीतर परळला चाळीत बिऱ्हाड थाटायचे आणि भाडे भरायचे, एवढाच व्यवहार. १९४७च्या कायद्याने मुंबईतली भाडी १९४०च्या सप्टेंबरातल्या पातळीला बांधली. भाडेकरू सुखावला, पण मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही आणि नवे बिऱ्हाड पागडीवाचून मिळेनासे झाले. (ती पागडी अधिकृत व्हायला पुढे १९९९ साल उजाडावे लागले!) मालकीच्या घराची वाट मुंबईला प्रथम सहकाराने दाखवली. गावदेवीला सारस्वत मंडळींनी १९१५ साली आपली गृहनिर्माण संस्था काढली. मग १९६३ साली मालकी सदनिकांचा कायदा आला, आणि हवेत तरंगणाऱ्या दोन खोल्यांचा धनी होणे सर्वमान्य झाले.

हवेतल्या खोल्या मोजायच्या कशा, हा मात्र वादाचा विषय राहिला. जिना, लिफ्ट, पाण्याची टाकी, सगळ्यांतला वाटा मिळवून ‘सुपर बिल्टअप’ नावाचा फुगा फुगवायचा आणि त्यावर भाव लावायचा, अशी रीत पडली होती. १ मे २०१७ला रेरा कायदा पूर्णपणे लागू झाला आणि त्या फुग्याला टाचणी लागली. आता नवी जागा कार्पेट क्षेत्रफळावर विकावी लागते. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांच्या पैशातला सत्तर टक्के हिस्सा निराळ्या खात्यात ठेवावा लागतो. चांगला कायदा आहे. पण नुसत्या नोंदणी क्रमांकावर विसंबून चालत नाही. २०२४ साली उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतल्या पासष्ट इमारती पाडण्याचा आदेश दिला. पालिकेच्या परवानगीचे खोटे कागद दाखवून त्यांनी रेराचा क्रमांक मिळवला होता! त्यांत घर घेणाऱ्यांनी क्रमांक पाहिला नसेल असे थोडेच आहे? म्हणून बांधकामाची परवानगी बिल्डरच्या फायलीत पाहून भागत नाही. पालिकेच्या कचेरीत खेटे घालून ती तेथे खरोखर आहे का, हे विचारावे लागते. असा एक खेटा बँकेच्या दहा सह्यांपेक्षा मोलाचा.

कागद एकवेळ वकील पाहील. राहायचे कुठे, हे कोण सांगणार?

आमच्यापुढे दोन जागा होत्या. एक बदलापूरची: नवी इमारत, दोन शयनगृहे, आणि मला विशेष मोह घालणारी एक सबंध मोकळी भिंत. तेवढ्याच पैशात ठाण्याला मिळत होती एका जुन्या इमारतीतली खोली-स्वयंपाकघराची जागा, पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नसलेली. माझे कॉलेज ठाण्याला, सौ.ची बँक फोर्टात. मोकळ्या भिंतीपाशी उभा राहून मी मनातल्या मनात पुस्तकांची कपाटे लावत होतो, तेव्हा सौ. दलालाला गाड्यांच्या वेळा विचारीत होती.

बदलापूर मुंबईच्या मुख्य स्थानकापासून सुमारे ६८ किलोमीटर. घरातून निघून बँकेच्या दारात पोचायला दोन तास धरले, तर जाऊन-येऊन चार. महिन्याचे चोवीस दिवस कामाचे, म्हणजे ९६ तास, अर्थात चार अहोरात्र. वर्षाचे झाले अठ्ठेचाळीस दिवस. तेही बसून नव्हे! हा हिशोब तिने पाकिटाच्या पाठीवर मांडला आणि मला दाखवून म्हणाली, “अहो, शयनगृहे दोन आहेत खरी, पण मी निजायची कधी?”

दलाल नदीच्या बाजूच्या खिडकीचे गुण गात होता. उल्हास नदी रम्य आहे, यात शंका नाही. पण २६ जुलै २००५चा पूर आम्हाला आठवत होता, आणि २७ जुलै २०१९ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुरात अडकलेली महालक्ष्मी एक्सप्रेस तर सबंध देशाने पाहिली. हजारेक उतारूंना बाहेर काढावे लागले होते. परतताना सौ.ने कोपऱ्यावरच्या चहावाल्याला सहज विचारले, “पाणी कुठवर आले होते हो?” तो काही बोलला नाही. त्याने भिंतीवर छातीएवढ्या उंचीला हात टेकवला. गावात उंचावरही पुष्कळ जागा आहेत, आणि ज्यांच्या नोकऱ्या कल्याण-अंबरनाथकडे आहेत त्यांनी त्या खुशाल घ्याव्यात. नदीकाठची जागा मात्र पूररेषेचा नकाशा पाहिल्यावाचून घेऊ नये, मग नजारा कितीही सुरेख असो.

ठाण्याच्या जागेतही गोम होतीच. इमारत तीस वर्षांची. सोसायटी नोंदलेली, पण खालची जमीन अद्याप मूळ मालकाच्याच नावावर! २००८ साली कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून, बिल्डरने टाळाटाळ केली तरी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून सोसायटीला मानीव अभिहस्तांतरण मिळवता येते. (शब्द भयंकर आहे, पण तो पाठ करावा, जमीन आपल्या नावावर नसेल, तर इमारत नव्याने बांधायची वेळ आली की हा शब्द फार आठवतो.) अर्ज केल्याचे चिटणिसांनी सांगितले, आम्ही त्याची पोच मागून घेतली, मगच बयाणा दिला. जागा सौ.च्या एकटीच्या नावावर घेतली. स्त्रीच्या नावावर खरेदी केली की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, ही सोय महाराष्ट्रात २०२१ पासून आहे. मित्रमंडळींनी थट्टा केली, ती एक टक्क्यात परवडली.

या व्यवहारात गेली ती भिंत. बारा खोकी पुस्तकांपैकी पाच घरात मावली, चार कॉलेजच्या ग्रंथालयाला दिली, तीन अजून एका विद्यार्थ्याच्या माळ्यावर आहेत. कुठली द्यायची हे ठरवताना दोन रात्री गेल्या. आईला म्हटले, “तुला जागा लहान वाटते का गं?”

ती म्हणाली, “दवाखाना समोर आहे, वाणी खाली आहे, आणि सूनबाई साडेसातला घरात असते. पुस्तकांचे तुझे तू बघ.”