पिंपातले औषध आणि जिवंत औषध

सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याला लागले की मोहोळच्या अलीकडे चिंचोळी एमआयडीसी येते. तेथे स्मृती ऑरगॅनिक्ससारखे कारखाने औषधांतील मूळ द्रव्ये तयार करतात. रसायनांची अभिक्रिया घडवायची, स्फटिक वेगळे करायचे, वाळवायचे, तपासायचे आणि पिंपात भरायचे. एका बॅचमधला रेणू दुसऱ्या बॅचमधल्या रेणूसारखाच असतो. पण औषध म्हणून जिवंत पेशीच द्यायची झाली तर? यकृताच्या कर्करोगावर प्राण्यांत चाललेले मूलपेशींचे प्रयोग समजून घेताना हा प्रश्न आपल्याला उपयोगी पडेल.

स्वतःसारख्या पेशी निर्माण करणारी आणि वेळ येताच विशिष्ट काम करणाऱ्या पेशीत बदलणारी पेशी म्हणजे मूलपेशी. हा उपचार महाराष्ट्राला अपरिचित नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जारोपण केले. रक्ताच्या कर्करोगावरील तीव्र उपचारांत रुग्णाची मज्जा नष्ट होते. दात्याच्या मूलपेशी ती पुन्हा उभी करतात.

यकृताच्या गाठीबाबत मात्र मूलपेशीकडून वेगळेच काम अपेक्षित आहे, ते म्हणजे पोस्टमनचे. कर्करोगाची गाठ म्हणजे कधीच न भरणारी जखम, असा विचार हॅरोल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ मध्ये मांडला. जखमेतून रासायनिक संदेश पसरतात आणि मज्जेतील ‘मेसेन्कायमल’ मूलपेशी तिकडे ओढल्या जातात. जर्मनीत म्युनिक येथील संशोधकांनी हाच गुण वापरला. त्यांचे प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. उंदरांच्या यकृतात त्यांनी कर्करोगाची गाठ वाढवली. मूलपेशींत हर्पीस विषाणूचे एक जनुक बसवले. ते गाठीच्या परिसरातच जागे व्हावे अशी योजना केली. नंतर उंदरांना गॅन्सिक्लोव्हिर हे औषध दिले. त्या जनुकापासून तयार होणारे विकर या औषधाचे विषात रूपांतर करते. त्याने मूलपेशी मरते आणि शेजारच्या कर्कपेशीही मरतात. गाठींची वाढ मंदावली.

मग हा उपचार रुग्णाला लगेच का देत नाहीत? एक सोपे गणित करू. २५ ग्रॅमच्या उंदराला ५ लाख पेशी दिल्या असे धरू. ६० किलोचा माणूस त्याच्या २,४०० पट जड. त्याच प्रमाणात त्याला १२० कोटी पेशी लागतील, आणि त्या सर्व प्रयोगशाळेत निर्दोष वाढवाव्या लागतील. शिरेतून दिलेल्या पुष्कळ पेशी तर फुप्फुसातच अडकतात. शिवाय मानवी गाठी वाढवण्यासाठी प्रतिकारशक्ती दुबळी असलेले उंदीर वापरतात. रुग्णाची प्रतिकारशक्ती तशी नसते, आणि त्याचे उरलेले यकृतही बहुधा सिऱ्होसिसने आधीच निकामी होत आलेले असते.

सर्वांत महत्त्वाचा फरक पुढेच आहे. गोळीतला रेणू काही तासांत किंवा दिवसांत शरीराबाहेर जातो. पेशी टिकू शकते, विभागू शकते, बदलू शकते. एकदा दिली की परत घेता येत नाही. काही प्रयोगांत जनुक न बसवलेल्या मूलपेशींनी गाठीला आळा घातला, तर काहींत उलट तिच्या वाढीस हातभार लावला. म्हणूनच प्राण्यांतील प्रयोगांचे टप्पे गाळता येत नाहीत.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूलपेशींचा वापर रक्त व प्रतिकारसंस्थेच्या ठरावीक विकारांतच मान्य आहे. बाकी सर्व वापर रीतसर मंजूर चाचणीतच व्हायला हवा. अशा चाचणीत सहभागी होण्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. घरात यकृताच्या कर्करोगाचा रुग्ण असताना ‘मूलपेशींनी खात्रीने बरे करू’ ही जाहिरात वाचून शेत विकायला निघालेल्या कुटुंबाला हे एक वाक्य वाचवू शकेल. ते वाक्य विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोचवणे आपल्या हाती आहे.

आणखी एक गोष्ट आज निश्चित हाती आहे. यकृताच्या कर्करोगाचे एक मोठे कारण असलेल्या हेपटायटिस-बीवर लस आहे, आणि तिचा पहिला डोस बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायचा असतो.