वळण घेतांना

मोटार सरळ रस्त्यानें चालविणें ही फारशी अवघड विद्या नव्हे. आठ दिवसांत ती कोणालाहि येते. शिकाऊ चालकाची खरी परीक्षा होते ती चौकांत आणि वळणावर. याचें कारण उघड आहे. सरळ जाणारा मनुष्य आपल्याच वाटेनें जात असतो. वळणारा मात्र क्षणभर दुसऱ्याच्या वाटेंत शिरतो. तेवढ्यापुरती ती वाट त्यानें मागून घ्यावयाची असते. ती हिसकावून घेणारेच आपल्या शहरांत रोज अधिक दिसतात, हें निराळें सांगावयास नको.

मागण्याची रीत म्हणजे इशारा. मोटारींना दिव्यांचे इशारे नव्हते, त्या काळीं चालक उजवा हात खिडकीबाहेर काढीत असे. तळहात पुढें करून हात आडवा धरला म्हणजे उजवीकडे वळणार. हात घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें फिरविला म्हणजे डावीकडे. आतां लुकलुकणारे दिवे आले, पण घोंटाळा संपला नाहीं. हमरस्त्यावरील कित्येक ट्रकवाले उजवा दिवा लावतात तो ‘तुम्ही पुढें जा’ असें सांगण्यासाठीं, आणि उजवीकडे वळावयाचें असलें तरी तोच दिवा लावतात! मागच्यानें काय समजावें? म्हणून तसल्या दिव्यावर विसंबून पुढें घुसूं नये. चौकांतून सरळ जातांना चारी दिवे लुकलुकत ठेवण्याचीहि एक खोड आहे. बाजूनें येणाऱ्यास त्यांतील एकाच अंगाचे दिवे दिसतात, आणि गाडी वळणार अशी त्याची समजूत होते.

इशारा करण्यापूर्वीं आरशांत पाहावें. आरशांत न दिसणारी एक जागा गाडीच्या दोन्ही अंगांना असते, आणि एखादी स्कूटर तींत सहज लपते. यास्तव खांद्यावरून एक ओझरती नजर टाकणें अवश्य आहे. इशारा वळतांना नव्हे, वळण्यापूर्वीं पुरेसा अगोदर झाला पाहिजे.

उजवें वळण घेतांना आधींच रस्त्याच्या मध्याकडे सरकावें, समोरून येणाऱ्यांना जाऊं द्यावें, आणि वळून नव्या रस्त्याच्या डाव्या अंगाला लागावें. कोपरा कापून जाणारा मनुष्य त्या रस्त्यांतून बाहेर येणाऱ्याच्या अगदीं तोंडावर जाऊन उभा राहतो. थांबलेले असतांना पुढचीं चाकें सरळ ठेवावींत. हें बारीकसें वाटेल, पण तीं उजवीकडे वळवून ठेवलीं आणि मागून कोणी धडकलें, तर आपली गाडी समोरच्या रहदारींत ढकलली जाते. जेथें दिवे नाहींत आणि पोलीसहि नाहीं, अशा चौकांत उजवीकडून येणाऱ्यास आधीं जाऊं द्यावयाचें असतें. वर्तुळाकार चौकांत जो आधींच फिरत असेल त्याचा पहिला हक्क.

आतां वेगाविषयीं. गोफणींतला दगड दोरीनें धरलेला असतो म्हणूनच फिरतो. वळणारी मोटार धरून ठेवणारी दोरी म्हणजे टायर आणि रस्ता यांची पकड, दुसरें कांहीं नाहीं. वेग दुप्पट केला कीं या दोरीवरील ताण दुप्पट होत नाहीं, चौपट होतो. ताशीं 20 किलोमीटरांनीं सहज निघालेलें वळण 40 वर अंगावर येतें तें यामुळें. पहिल्या पावसांत रस्त्यावरची धूळ आणि तेल भिजून निसरडें होतें, तेव्हां दोरी आणखीच कच्ची. वेग वळणापूर्वींच कमी करावा. वळणाच्या मध्यावर जोरानें ब्रेक दाबला तर थांबणें आणि वळणें हीं दोन्हीं कामें त्याच पकडीवर पडतात, आणि ती सुटते.

डावें वळण सर्वांत सोपें, असा समज आहे. मला तो मान्य नाहीं. अंगणांत पाणी शिंपडून सायकल ओल्या जागेंतून नेऊन वळवून पाहा. दोन चाकांच्या दोन रेघा उमटतील, आणि मागच्या चाकाची रेघ पुढच्या रेघेच्या आंतून गेलेली दिसेल. मोटारीचेंहि तसेंच, आणि पुढच्या व मागच्या चाकांतलें अंतर जितकें अधिक, तितकें मागचें चाक अधिक आंत येतें. बसचें तर फारच येतें. मी शिकवीत होतों त्या शाळेच्या कोपऱ्यावर नववींतला एक मुलगा सायकल घेऊन बसच्या डाव्या अंगाला उभा होता. बसचें तोंड त्याच्यापासून लांबून वळलें, म्हणून तो निश्चिंत राहिला. मागचें चाक त्याच्या पायावरून गेलें. तो वांचला, पण पुढें कधीं खो-खोच्या मैदानावर उतरला नाहीं.

म्हणून डावीकडे वळणाऱ्यानें चौकाच्या बरेंच आधीं डाव्या कडेला लागावें, म्हणजे मध्ये सायकल शिरण्याइतकी फटच राहत नाहीं. मोठ्या गाडीला तसें करतां येत नसेल, तर चाक फिरवावयाच्या क्षणीं डावा आरसा पुन्हां एकदां पाहावा. आणि सायकलवर जाणाऱ्या आपल्या मुलांना सांगावें कीं, चौकांत बसच्या किंवा ट्रकच्या डाव्या अंगाला थांबूं नये. मागें राहावें, चालकाच्या आरशांत आपणांस त्याचा चेहरा दिसेल अशा ठिकाणीं.