कमरेवरचा हात

२००४च्या मे महिन्यात डेट्रॉइट पिस्टन्स आणि इंडियाना पेसर्स ईस्टर्न कॉन्फरन्सच्या अंतिम मालिकेत भिडले. दुसरा सामना ७२-६७ असा सुटला, सहावा ६९-६५. त्या दुसऱ्या सामन्यात पिस्टन्सने १९ ब्लॉक केले. शेवटच्या काही सेकंदांत इंडियानाचा रेजी मिलर चेंडू घेऊन एकटाच रिंगकडे निघाला होता. समोर कुणी नाही, बरोबरीची बास्केट झाल्यातच जमा. तेवढ्यात मागून लांब टांगा टाकत टेशॉन प्रिन्स आला आणि त्याने तो चेंडू हवेतच उडवून लावला. बचावाचे चाहते आजही त्या ब्लॉकची चित्रफीत काढून बघतात. पण बास्केट बघायला आलेल्या माणसाचं काय? सत्तरी गाठताना दोन्ही संघांची दमछाक होत होती, आणि हे काही तळाचे संघ नव्हते. पेसर्स त्या मोसमात ६१ सामने जिंकून आले होते. तेव्हा एनबीएतला संघ सामन्यामागे सरासरी ९३.४ गुण करायचा. २०२३-२४मध्ये हाच आकडा ११४.२वर पोचला होता.

मधल्या वीस वर्षांत काय झालं, याचं उत्तर जुन्या चाहत्यांच्या ओठांवर तयार असतं: लीगने बचावपटूचे हात बांधले, म्हणून आजचे पोरगेसे गार्ड चाळीस-चाळीस गुण ठोकतात. मला हे उत्तर अर्धंच वाटतं. नियमांनी बचावाकडून एक गोष्ट काढून घेतली, तशी त्याच्या तीन वर्षं आधी एक दिलीही होती. आणि खेळाचा नकाशा बदलला तो काढून घेतलेल्या गोष्टीइतकाच, किंबहुना जास्तच, त्या दिलेल्या गोष्टीमुळे.

झोन बचावावरची, म्हणजे माणसाऐवजी जागा राखणाऱ्या बचावावरची, बंदी या लीगइतकीच जुनी. १९४६च्या हिवाळ्यात पहिला मोसम सुरू झाला आणि जानेवारी १९४७मध्ये, मोसम चालू असतानाच, झोन बंद केला गेला. पाचही जण रिंगखाली गोळा होऊन उभे राहिले तर तिकीट काढून कोण येणार, असा साधा धंद्याचा हिशोब. पुढे जॉर्ज मायकनला रोखण्यासाठी रिंगखालची पट्टी सहा फुटांवरून बारा फूट झाली, विल्ट चेंबरलेनच्या काळात सोळा. १९५०मध्ये फोर्ट वेन पिस्टन्सने चेंडू नुसता हातात धरून ठेवत मिनियापोलिस लेकर्सला १९-१८ असं हरवलं, आणि अशा सामन्यांवरचा उपाय म्हणून १९५४मध्ये २४ सेकंदांचं घड्याळ आलं. या गोष्टी सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यामानाने १९८१चं ‘इललीगल डिफेन्स’चं कलम फारसं कुणी आठवत नाही, आणि मायकेल जॉर्डनच्या काळातलं बास्केटबॉल समजून घ्यायचं तर तेच आधी समजून घ्यावं लागतं.

कलम असं होतं: बचावपटूने आपल्या माणसाजवळ राहावं, नाहीतर त्याला सोडून थेट चेंडूवाल्यावर तुटून पडावं. मधल्या मध्ये रेंगाळायचं नाही. मधेच उभं राहून दोघांवर नजर ठेवणं हा गुन्हा. पहिल्यांदा ताकीद आणि हल्ला करणाऱ्यांना नवे २४ सेकंद, नंतर फ्री थ्रो. क्रिकेटमध्ये तीस यार्डांच्या वर्तुळाबाहेर किती क्षेत्ररक्षक ठेवायचे याचं बंधन आल्यावर फलंदाजाला मोकळी जागा आधीच कळते, तसंच इथे झालं. प्रशिक्षकांनी ती जागा लगेच हेरली. ज्यांना शूट करता येत नाही अशा तिघांना कोर्टाच्या एका बाजूला नेऊन उभं करायचं. त्यांच्यामागे त्यांचे बचावपटूही नाइलाजाने तिकडेच जाणार. उरलेल्या अर्ध्या कोर्टात एकास एक. चार्ल्स बार्कली पाठ लावून, माणसाला ढकलत ढकलत दहा-बारा सेकंद रिंगच्या दिशेने सरकतोय आणि बाकीचे आठ जण रांगेत उभे राहिल्यासारखे बघतायत, हे नव्वदच्या दशकातलं नेहमीचं चित्र. पाठमोऱ्या ड्रिबलला पाच सेकंदांची मर्यादा घालायला लीगला १९९९ साल उजाडलं.

एकास एक म्हटल्यावर बचावपटूचा सगळा भरवसा हातावर. चेंडूवाल्याच्या कमरेवर तळवा किंवा कोपरापासूनचा हात टेकवायचा. ढकलायचं नाही, नुसता ठेवायचा. त्या हाताने दोन कामं व्हायची. समोरच्याचं वजन कुठल्या पायावर जातंय हे डोळ्यांआधी तळव्याला कळायचं, आणि तो वळायला लागला की अंगठ्याएवढ्या जोराने त्याची दिशा बिघडवता यायची. असा हात ठेवता आला तर पायांनी थोडासा मंद असलेला गार्डही निभावून जायचा. पॅट रायलीच्या न्यूयॉर्क निक्सने ही विद्या संघभर पसरवली. १९९४च्या निक्स आणि ह्यूस्टन रॉकेट्स यांच्या अंतिम मालिकेत सात सामने झाले. त्यात एकाही संघाला एकदाही शंभरी गाठता आली नाही.

त्या मालिकेनंतर लीगने दोन उपाय केले. आपल्या टोकापासून थेट पलीकडच्या फाऊल लाइनपर्यंत हाताने अडवायला मनाई केली आणि तीन गुणांची रेषा जवळ आणून सगळीकडे २२ फुटांवर ठेवली. दुसरा उपाय लागलीच लागू पडला, थ्रीचे प्रयत्न एका वर्षात सामन्यामागे १०च्या आतून १५च्या वर गेले. पहिला कागदावर राहिला. १९९७मध्ये कोपरापासूनच्या हातावर बंदी, १९९९मध्ये आणखी कडक शब्द, तरी तळवे कमरेवर परतत राहिले आणि गुण घसरत राहिले. लॉकआऊटमुळे ५० सामन्यांवर आलेल्या १९९८-९९च्या मोसमात सरासरी ९१.६ झाली. नियम पुस्तकात होता, पंचांच्या शिट्टीत नव्हता.

मग २००१ आलं. जेरी कोलॅन्जेलो यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने इललीगल डिफेन्सचं कलम मुळासकट काढलं, म्हणजे ५४ वर्षांनी झोन परत आणला. एकच अट घातली: आपल्या माणसापासून हातभर अंतरावर नसलेल्या बचावपटूने रिंगखालच्या पट्टीत सलग तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही, थांबला तर एक फ्री थ्रो आणि चेंडूही समोरच्यांकडेच. शिवाय चेंडू अर्ध्या रेषेपलीकडे न्यायला दहाऐवजी आठ सेकंद. गुण वाढवायचे म्हणून बचावाला जास्त मोकळीक द्यायची, हा तर्क तेव्हा अनेकांना उरफाटा वाटला. शकील ओ’नीलला रोखण्यासाठीच हा घाट घातलाय, अशी कुजबुजही होती. तसं असेल तर डाव फसला. त्याच मोसमाच्या शेवटी शकीलने न्यू जर्सी नेट्सविरुद्ध सामन्यामागे ३६ गुण काढत लेकर्सला सलग तिसरं अजिंक्यपद मिळवून दिलं.

आणि सरासरी? २०००-०१मध्ये ९४.८, मग ९५.५, ९५.१, ९३.४. तीन वर्षांत काहीच हाती लागलं नाही, उलट पिस्टन्स-पेसर्स मालिका बघावी लागली. कारण उघड होतं. बचावाला आता दोन्ही मिळालं होतं: कमरेवर हात ठेवायचा आणि मागे झोनची भिंतही उभी करायची.

झोनची सवय नसल्याची किंमत अमेरिकेने २००४च्याच उन्हाळ्यात अथेन्स ऑलिंपिकमध्ये मोजली. जागतिक संघटनेच्या, म्हणजे फिबाच्या नियमांत झोनला कधीच आडकाठी नव्हती आणि बचावाच्या तीन सेकंदांची अटही नाही. आपल्याकडच्या स्पर्धा फिबाच्याच नियमांनी होतात, त्यामुळे नागपूर-पुण्याच्या शाळकरी पोरांनाही २-३ झोन म्हणजे काय ते माहीत असतं. अथेन्समधल्या पहिल्याच सामन्यात प्वेर्तो रिकोने पट्टी बंद करून टाकली, अमेरिकेने २४ थ्री मारले, त्यातले तीन आत गेले, आणि निकाल लागला ९२-७३.

२००४-०५च्या मोसमात लीगने अखेर शिट्टीला हात घातला. नवं कलम जवळपास काहीच नव्हतं. जुनंच आता खरोखर पाळायचं, कमरेवरचा हात दिसला की फाऊल, अशी ताकीद पंचांना होती. सरासरी एका मोसमात ९३.४वरून ९७.२वर गेली. याचा पहिला मोठा लाभार्थी ठरला स्टीव्ह नॅश. सव्वासहा फुटांचा, तिशीतला, डॅलसहून फिनिक्सला आलेला. नॅशचा पिक-अँड-रोल डोळ्यांसमोर आणा. अमारे स्टॉडमायर येऊन आडवा उभा राहतो, नॅश त्याच्या खांद्याला खांदा घासून निघतो. एक वर्ष आधी इथेच त्याच्या कमरेवर हात पडला असता, तो अर्धा पाऊल रुंद वळला असता, आणि तेवढ्यात मागची भिंत जुळली असती. आता हात नाही. मागचा उंच बचावपटू पेचात: नॅशला अडवावं तर स्टॉडमायर सुटतो, स्टॉडमायरला धरावं तर नॅश शूट करतो, तिसरा मदतीला आला तर कोपऱ्यात थ्रीसाठी माणूस मोकळा. माइक डँटोनी यांच्या फिनिक्स सन्सने आदल्या मोसमात २९ सामने जिंकले होते. त्या मोसमात ६२ जिंकले, सामन्यामागे ११०.४ गुण करून.

इथवर गोष्ट ‘हात बांधले, गुण वाढले’ अशीच आहे. पण बचाववाले हातावर हात धरून बसले नाहीत. हात गेला तर २००१ने दिलेलं मधल्या मध्ये उभं राहायचं स्वातंत्र्य कसं वापरायचं, याचा सगळ्यात खोल विचार टॉम थिबोडो यांनी केला. २००७-०८च्या बोस्टन सेल्टिक्समध्ये ते सहायक प्रशिक्षक होते. त्यांच्या बचावात चेंडू ज्या बाजूला, त्या बाजूला एक माणूस जास्त. दूरच्या कोपऱ्यातल्या खेळाडूचा बचावपटू त्याला सोडून पट्टीत येऊन उभा, मनातल्या मनात मोजतोय, आणि तीन व्हायच्या आत एक पाय रेषेबाहेर टाकून परत आत. या आत-बाहेरला अमेरिकेत ‘टू-पॉइंट-नाइन’ म्हणतात. टीव्हीवर चेंडूकडे न बघता एकदा फक्त त्या पायांकडे बघा. बोस्टनने त्या मोसमात ६६ सामने जिंकले आणि अंतिम मालिकेचा शेवटचा सामना लेकर्सवर १३१-९२ असा. जुन्या कलमाखाली या बचावाला दर दुसऱ्या मिनिटाला शिट्टी बसली असती.

मला सांगायचंय ते इथे आहे. बार्कलीची ती पाठमोरी ढकलाढकली पाच सेकंदांच्या नियमाने जेवढी मेली नाही, तेवढी या मोकळ्या बचावाने मारली. पाठ लावून उभ्या असलेल्या सेंटरकडे चेंडू टाकायचा तर पुढून एक, मागून एक आणि पट्टीत तरंगणारा तिसरा. ज्या शूट न करणाऱ्या तिघांना पूर्वी बाजूला उभं करून बचाव ओढून नेता यायचा, त्यांच्याकडे आता कुणी ढुंकून बघेना. त्यांचे बचावपटू सरळ रिंगखाली. हल्ल्याला उपाय एकच उरला: पाचही जण असे हवेत की ज्यांना रेषेबाहेर मोकळं सोडणं महाग पडेल. २०००-०१मध्ये संघ सामन्यामागे १३.७ थ्री मारायचे, २०१८-१९मध्ये ३२. याचं श्रेय स्टीफन करीला दिलं जातं किंवा खापर त्याच्यावर फोडलं जातं. २०१५-१६मध्ये त्याने ४०२ थ्री घातल्यावर ते साहजिकही आहे. आकडेशास्त्रज्ञांचाही वाटा मोठा, तीन हे दोनपेक्षा जास्त असतात हे पटवायला त्यांनी पंधरा वर्षं घालवली. पण झोन मोकळा झाला नसता तर शूट न येणाऱ्या उंच माणसाला अंगणात उभं करून ठेवायची चैन संघांना आणखी बरीच वर्षं परवडली असती.

ही चैन संपल्याचा फटका कुणाला बसला तर रॉय हिबर्टसारख्यांना. सव्वासात फुटांच्या जवळपासचा हा माणूस सरळ वर उडी मारून, हात उभे ठेवून रिंग राखायचा, आणि २०१४पर्यंत ऑल-स्टार होता. तीन वर्षांत तो लीगबाहेर होता. रूडी गोबेअर टिकला, चार वेळा सर्वोत्तम बचावपटूही ठरला, पण १८ जून २०२१ची रात्र त्याच्याही नावावर आहे. त्याचा संघ यूटा जॅझ २५ गुणांनी पुढे. लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे क्वाय लेनर्ड नाही. त्यांनी पाचही शूटर बाहेर काढले आणि गोबेअरच्या वाट्याला टेरन्स मॅन आला. रिंग राखायला पट्टीत जावं की कोपऱ्यात मॅनला धरावं? गोबेअर सवयीने पट्टीत जात राहिला. मॅनने सात थ्रींसह ३९ गुण काढले, क्लिपर्स १३१-११९ जिंकले. गोबेअर वाईट खेळला असं मी म्हणणार नाही. एका माणसाने दोन ठिकाणी असावं, ही अपेक्षाच अवास्तव होती.

मधल्या काळात हल्लेखोरांनी शिट्टीचा गैरफायदा घ्यायचं शास्त्रही बनवलं. जेम्स हार्डन यात अग्रणी. बचावपटूचा हात जरा पुढे आला की आपलाच हात त्यात अडकवून शूट केल्याचा आव आणायचा. २०१८-१९मध्ये त्याची सरासरी ३६.१ होती, आणि त्यातला फ्री थ्रोंचा वाटा बघवत नव्हता. २०२१-२२पासून अशा अनैसर्गिक हालचालींवर फाऊल देणं लीगने बंद केलं. बचावाच्या बाजूने शिट्टी फिरल्याचा हा बऱ्याच वर्षांतला पहिला ठळक प्रसंग. तरी जानेवारी २०२४मध्ये पाच दिवसांत जोएल एम्बीडने ७० आणि लुका डॉन्चिचने ७३ गुण काढले, तेव्हा ‘बचाव मेला’ची हाकाटी पुन्हा उठली.

ती मला पटत नाही. कमरेवर हात ठेवून एका माणसाला थोपवणं कष्टाचं होतं, मान्य. पण आजचा बचावपटू एकाच चालीत पट्टीत शिरतो, बाहेर येतो, कोपऱ्यापर्यंत धावतो, हात वर करून थांबतो, त्यातही शूटरच्या उतरण्याच्या जागी पाय जाऊ द्यायचा नाही. २०१७मध्ये झाझा पचूलियाच्या पायावर उतरताना लेनर्डचा घोटा मुरगळला, त्यानंतर तीही अट जास्त कडक झाली. एवढं करूनही गुण जातात, म्हणून तो ढिला खेळतो असं होत नाही.

शिवाय हात पुरता गेलाय असंही नाही. २०२५च्या प्लेऑफमध्ये पंच जास्त धक्काबुक्की चालवून घेतात अशी ओरड होती, आणि त्याचा सगळ्यात पुरेपूर उपयोग केला ओक्लाहोमा सिटी थंडरने. लू डॉर्ट आणि अलेक्स करूसो चेंडूवाल्याच्या अंगाला चिकटून, छातीने आणि पायांनी त्याला रेटत नेत. २२ जूनला अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात त्यांनी इंडियाना पेसर्सला १०३-९१ असं हरवलं. पेसर्सचे ते ९१ गुण जवळपास १९९९च्या सरासरीइतकेच आहेत, आणि त्यावर जुने आणि नवे चाहते अजून हमरीतुमरीवर येतात.