सिकलसेल विकार : प्रथिन, विकर आणि रक्तवाहिनीचा स्नायू

चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत, विशेषतः आदिवासी समाजात, सिकलसेल हा आनुवंशिक विकार आढळतो. तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक वाहिन्यांत अडकतात व त्यामुळे असह्य वेदना होतात, असे त्याचे स्पष्टीकरण सामान्यतः देण्यात येते. ते यथार्थ असले तरी अपुरे आहे. रोगाचे नाव पेशीच्या आकाराकडे लक्ष वेधते. वाहिनीच्या भित्तीत काय घडते, हे त्यावरून कळत नाही.

मूळ दोष अत्यल्प आहे. हीमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांपैकी सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. दीर्घ शब्दातील एक अक्षर बदलावे आणि अर्थ पालटावा, तसेच हे होय. प्राणवायू सोडल्यावर असे रेणू परस्परांना चिकटून त्यांचे तंतू बनतात व पेशी वाकते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही मात्र १० ते २० दिवसांतच फुटते आणि तिच्यातील द्रव्ये रक्तद्रवात मिसळतात.

वाहिनीच्या भित्तीत अनैच्छिक स्नायूंचा थर असतो. स्नायुपेशीत कॅल्शियम वाढले की एक विकर मायोसिन या प्रथिनास फॉस्फेट जोडते, स्नायू आकुंचन पावतो व वाहिनी अरुंद होते. उलटपक्षी, वाहिनीचे अस्तर आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड तयार करते; त्याच्या प्रभावाने कॅल्शियम घटते व स्नायू सैलावतो. फुटलेल्या पेशींतील मुक्त हीमोग्लोबिन हा वायू नष्ट करते. त्याच पेशींतून आर्जिनेज हे विकरही बाहेर पडते, रक्तद्रवात त्याचे प्रमाण वाढते व ते आर्जिनिनचेच विघटन करते. अशा रीतीने वायू व त्याचा कच्चा माल, दोन्ही घटतात. परिणामी, वाकलेल्या पेशींना जेथून वाट काढावयाची, तीच वाहिनी आकसते.

हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने गर्भावस्थेतील हीमोग्लोबिनचे प्रमाण वाढते, तंतू बनण्यास अडथळा येतो व पेशी कमी फुटतात. साहजिकच वाहिनीवरील दुष्परिणामही कमी होतो. तथापि वाहकास बहुधा कोणतेच लक्षण नसते, आणि दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास रोग होण्याची शक्यता २५ टक्के असते. यास्तव विवाहापूर्वी रक्ततपासणी या जिल्ह्यांत विशेष महत्त्वाची ठरते.