काळविटाला भूल देताना

प्राणिसंग्रहालयातील काळविटाचे खूर वाढले, तर ते कापायचे कसे? गाय दावणीला बांधता येते. काळवीट जवळही येऊ देत नाही. मग लांबूनच औषधाची सुई बाणासारखी मारून त्याला भूल देतात. पण धोका केवळ औषधाचा नसतो, भीतीचाही असतो. घाबरलेला काळवीट जिवाच्या आकांताने धावतो. स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचते, शरीर तापते, स्नायूंच्या पेशी फुटू लागतात. त्यांतील मायोग्लोबिनमुळे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. असा प्राणी त्या दिवशी वाचला, तरी काही दिवसांनी दगावू शकतो!

म्हणून पशुवैद्य सकाळची थंड वेळ निवडतात, गोंगाट होऊ देत नाहीत. भूल चढताच प्राण्याचे डोळे कापडाने झाकतात. काळवीट रवंथ करणारा प्राणी. कुशीवर पडून राहिला तर त्याचे पोट फुगते, पोटातले अन्न श्वासनलिकेत शिरू शकते. त्यासाठी त्याला छातीवर बसवून डोके उंच, पण नाक खाली ठेवतात. श्वास, नाडी व तापमान सतत पाहतात. झायलाझिन दिले असेल, तर काम संपल्यावर योहिंबिनचा उतारा टोचतात. काही मिनिटांत काळवीट उभा राहतो. पूर्ण सावध होईपर्यंत मात्र त्याला कळपाबाहेरच ठेवतात. नाही तर दुसरे नर त्याच्यावर शिंगे रोखतील.