जवळ्याची चटणी आणि लाल अक्षरातला रिपोर्ट



हैदराबादला समुद्र नाही, पण आपल्या धंद्याची दोन मोठी ठिकाणं तिथेच आहेत. मासळी कुठे मिळेल याचा जो अंदाज आपल्याला मिळतो तो तिथल्या इन्कॉइस संस्थेचा, आणि राजेंद्रनगरकडे राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळ, ज्याची इमारतच मुळी माशाच्या आकाराची. पावसाळी बंदीत संस्थेतले आम्ही सहा जण मंडळाकडे एका कामाला गेलो होतो. कामाचं वेगळं सांगू. आज सांगायचंय ते आमच्याबरोबरच्या एका तांडेलाचं. त्याला विचारूनच लिहितोय, नाव मात्र घालत नाही.

लॉजच्या शेजारी एका लॅबचा बोर्ड होता. फुल बॉडी चेकअप, ऐंशीच्या वर तपासण्या, निम्म्या दरात. तांडेल म्हणाला, "बोटी किनाऱ्याला, वेळ हाय, वय बावन्न झालं, करून टाकतो." दुसऱ्या दिवशी मोबाईलवर रिपोर्ट आला. बाकी सगळं काळं, एक ओळ लाल. रक्तात आर्सेनिक जास्त.

आर्सेनिक म्हणजे विष, एवढं आपल्या सगळ्यांना ठाऊक. गड्याने घरी फोन लावला, वहिनी रडायला लागल्या. विहिरीचं पाणी, बोटीचा रंग, शेजाऱ्याशी झालेलं भांडण, सगळ्यावर संशय घेऊन झाला. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

सकाळी ओळखीतून काचीगुड्याच्या एका मराठी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, "काका, दोन-तीन दिवसांत काय काय खाल्लंत?" आम्ही सांगितलं, घरून आणलेली जवळ्याची चटणी, सुके बोंबील, भाकरी. डॉक्टर हसायलाच लागले. समुद्रातल्या मासळीत, कोळंबी-जवळ्यात आर्सेनिक असतंच, पण बहुतेक अशा रूपात की ते शरीराला बाधत नाही आणि थोड्या दिवसांत लघवीवाटे निघून जातं. साध्या तपासणीला हे रूप कोणतं आणि विषारी कोणतं हे कळत नाही. म्हणून ही तपासणी खरोखर लागलीच तर आधी काही दिवस मासळी बंद ठेवायला सांगतात. त्या लॅबमध्ये कोणी विचारलंच नव्हतं. आपल्यासारख्या रोज मासळी खाणाऱ्याने पॅकेजमध्ये ही तपासणी करून घेतली तर लाल अक्षर यायचंच.

मग डॉक्टरांनी एक हिशोब सांगितला, तो आम्ही कागदावर लिहून आणला. लॅबचा 'नॉर्मल' आकडा साधारण असा ठरवतात की १०० निरोगी माणसांतली ९५ त्यात बसतात. म्हणजे ठणठणीत माणसाचीही २० पैकी एखादी तपासणी बाहेर जाऊ शकते. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या तर निदान एक तरी लाल येण्याची शक्यता ६४ टक्के, आणि ६० केल्या तर ९५ टक्के. मग त्या लाल ओळीसाठी पुढची तपासणी, सोनोग्राफी, पुन्हा प्रवास. जाळं जेवढं बारीक आसाचं तेवढा कचरा जास्त येतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आता खरी गोष्ट. डॉक्टरांनी तांडेलाला पाच मिनिटं शांत बसवलं आणि हाताला पट्टा बांधला. बीपी १७० वर १०४. थोड्या वेळाने परत घेतलं, तेवढंच. ऐंशीच्या वर तपासण्यांच्या त्या यादीत बीपी नव्हतंच! कारण ते रक्ताच्या बाटलीत मावत नाही. १४० वर ९० च्या पुढे ते वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा भरलं तर त्याला आजार म्हणतात, आणि दुखत-खुपत काही नसतं. लकवा आला की मगच कळतं. गावी आल्यावर तीनदा मोजलं, तिन्ही वेळा जास्त. आता गोळी चालू आहे, आणि खाऱ्या मासळीवर वहिनींचा पहारा.

तर चेकअपला गेल्यावर काय मागायचं? आम्ही डॉक्टर नाही, पण विचारून घेतलं ते सांगतो. आधी बीपी, वजन आणि कमरेचा घेर. पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० च्या वर गेला तर सावध. मग साखर. उपाशीपोटीची साखर आपल्याला जमत नाही, कारण पहाटे धक्क्यावर गोड चहा होतोच. तेव्हा तीन महिन्यांच्या सरासरीची, एचबीएवनसी नावाची तपासणी करता येते का, ते विचारा. तिला उपाशी राहावं लागत नाही. ६.५ किंवा वर म्हणजे मधुमेह. अंगात रक्त कमी असेल तर हा आकडा फसवतो, म्हणून हिमोग्लोबिनही बघा. चाळिशीनंतर कोलेस्टेरॉल. पाठ-कंबर दुखते म्हणून रोज दुखण्याची गोळी घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना सांगायचंच, आणि क्रिएटिनिन व लघवीची तपासणी मागायची. त्या गोळ्या मूत्रपिंड खातात. दारू घेत असाल तर तीही सांगा, डॉक्टर काही पोलीस नाही.

तोंडाचं थोडं सविस्तर. गुटखा, तंबाखू, बायकांची मिश्री, आपल्या वाडीत कोण सुटलंय? तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला फोड, किंवा स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात न जाणं, यातलं एक जरी असेल तर थांबू नका. या तपासणीला बॅटरी आणि डॉक्टरांचे डोळे लागतात, रक्त नाही. बायकांसाठी स्तन आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी. सरकारी योजनेत ३० वर्षांपुढच्यांची बीपी, साखर, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख एवढी तपासणी फुकट होते. आपल्याकडे उपकेंद्रात, आयुष्मान आरोग्य मंदिरात विचारा, आशाताईंना माहीत असतं. इंजिनजवळ काम करणाऱ्यांनी कान, आणि डोळ्याच्या बुबुळावर पडदा सरकतोय असं वाटलं तर डोळे.

तक्रार काही नसताना कॅन्सर मार्करची रक्ततपासणी मागू नका. ती मुख्यतः झालेल्या आजारावर लक्ष ठेवायला असते, आणि सिगारेट ओढणाऱ्याचाही त्यातला एखादा आकडा वाढतो. बी१२ मासळी खाणाऱ्याला सहसा कमी पडत नाही; मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेत असाल तर गोष्ट वेगळी. युरिक ॲसिड सांधे सुजले तरच.

जाता जाता एक. याच हैदराबादच्या जोडशहरात, सिकंदराबादला, बेगमपेटच्या इस्पितळात रोनाल्ड रॉसने २० ऑगस्ट १८९७ ला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. ताप आला की मलेरियासाठी रक्त तपासतात ते आपल्याला पटतं. ताप नसताना कोणी करून घेत नाही. बाकीच्या तपासण्यांनाही हाच प्रश्न विचारायचा, असं डॉक्टर म्हणाले: आकडा आला तर आपण पुढे काय वेगळं करणार?

हैदराबादच्या वस्त्यांत सरकारी बस्ती दवाखाने आहेत. तिथे रक्त घेतात, मोठ्या लॅबला पाठवतात आणि रिपोर्ट मोबाईलवर येतो, पैसे लागत नाहीत. आधी डॉक्टर बघतो, मग तपासणी लिहितो. पहिल्याच दिवशी तिथे गेलो असतो तर तांडेलाची झोप वाचली असती.

बोटी लोटायच्या आत सोसायटीच्या ऑफिसात बीपी मोजायचा दिवस ठेवतोय. येताना जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा, रिकामी असली तरी. वहिनींना, आयांनाही घेऊन या. आणि आदल्या दिवशी मासळी खाल्ली तरी चालेल.