उतरणीचें ओझें

चढावर गाडी ओढणारा घोडा पाहिला म्हणजे कोणाच्याहि मनांत कणव उत्पन्न होते. खालीं घातलेली मान, फुललेल्या नाकपुड्या, अंगावरून निथळणारा घाम आणि दगडावर घसरणारे नाल पाहून आंतील उतारू खालीं उतरतात, मुलें मागून हात लावतात. तीच गाडी माथ्यावर पोंचून पलीकडच्या उतरणीस लागली, कीं सर्वांस हायसें वाटतें. उतारू पुन्हां चढून बसतात आणि आतां जनावराचे कष्ट संपले असें समजतात. वस्तुतः त्या कष्टांचा दुसरा व अधिक धोक्याचा भाग येथूनच सुरू होतो. चढावर घोडा गाडी ओढीत असतो. उतारावर गाडी घोड्यास ढकलीत असते. पहिले श्रम डोळ्यांस दिसतात, दुसरे दिसत नाहींत. आणि जे श्रम दिसत नाहींत त्यांवर उपाय सुचण्यास मनुष्यास फार काळ लागतो. गाडीच्या ब्रेकची हकीकत ही अशाच एका उशिरां सुचलेल्या उपायाची हकीकत आहे. तिचा आमच्याकडील बैलांशींहि निकटचा संबंध असल्यामुळें ती थोड्या विस्तारानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम थोडा हिशेब करूं. हिशेब म्हटल्याबरोबर पान उलटणाऱ्या वाचकांस आमची विनंति आहे कीं, हा हिशेब घरांतील शाळकरी मुलासहि सहज करतां येईल. मालासुद्धां ३००० किलो वजनाची एक चारचाकी गाडी दहा फुटांस एक फूट अशा उतारावर आहे असें धरा. अशा ठिकाणीं गाडीच्या वजनाचा सुमारें दहावा हिस्सा, म्हणजे ३०० किलोंचा जोर, तिला सारखा खालीं लोटीत असतो. चांगल्या खडीच्या रस्त्यावर लोखंडी धावेच्या चाकांस होणारा अडथळा वजनाच्या साधारण तिसाव्या हिश्शाइतका, म्हणजे १०० किलोंचा असतो. तो वजा जातां २०० किलो उरतात, आणि ते कोणी तरी मागें रेटून धरले पाहिजेत. ५०० किलो वजनाचा धडधाकट घोडा दिवसभराच्या कामांत आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे ५० किलोंचा जोर लावूं शकतो. तेव्हां ही गाडी नुसत्या जनावरांच्या बळावर रोखून धरावयाची तर चार घोडे पाहिजेत.

पण चार किंवा सहा घोडे जुंपूनहि अडचण सुटत नाहीं. पुढच्या जोड्या दोरांनीं वा साखळ्यांनीं गाडीस जोडलेल्या असतात, आणि दोरानें ओढतां येतें, रोखतां येत नाहीं. चढावर सहाहि घोडे ओढतात. उतारावर मात्र गाडीच्या दांड्याशीं जुंपलेली शेवटची जोडी तेवढी गाडी थोपवूं शकते. या घोड्यांच्या पुठ्ठ्यांमागून चामड्याचा एक रुंद पट्टा घेतलेला असतो. गाडी पुढें रेटूं लागली कीं घोडा मागचे पाय पोटाखालीं घेऊन त्या पट्ट्यावर अक्षरशः बसतो आणि आपल्या देहाचाच अडसर करतो. पाय घसरला कीं सारें ओझें त्याच्या अंगावर येतें. ब्रेकच्या सुधारणेचा सारा प्रश्न हा अडसर जनावराच्या देहावरून काढून चाकावर कसा न्यावा, एवढाच आहे.

हा प्रश्न कसकसा सुटत गेला याचें उत्तम उदाहरण अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या लँकेस्टर परगण्यांत सांपडतें. तेथील जर्मन वंशाच्या शेतकऱ्यांमध्यें अठराव्या शतकांत कॉनेस्टोगा नांवाची प्रचंड मालगाडी प्रचारांत आली. तिला चार ते सहा घोडे लागत. चढउतारावर माल एका टोकास घसरूं नये म्हणून तिचा तळ नावेप्रमाणें दोन्ही टोकांस उचललेला असे. गाडीवानास बैठक नसे. तो पायीं चाले, शेवटच्या जोडींतील डाव्या घोड्यावर बसे, किंवा गाडीच्या डाव्या अंगास बाहेर ओढतां येणाऱ्या एका फळीवर उभा राही. अशा गाड्या ॲलेघेनी डोंगर ओलांडून पिट्सबर्गपर्यंत माल नेत.

आरंभींचा उपाय अगदीं ढोबळ होता. माथ्यावर गाडी उभी करावयाची, मागचें चाक साखळीनें जखडून टाकावयाचें आणि न फिरणारें तें चाक फरफटत गाडी खालीं न्यावयाची. यामुळें लोखंडी धाव एकाच ठिकाणीं घांसून चपटी होई, आणि पुढें चाक फिरूं लागलें म्हणजे तें प्रत्येक फेऱ्यास आदळे. म्हणून गाड्यांच्या चाकाखालीं साखळीस बांधलेली जाड लोखंडाची एक पादुका सरकविण्याची युक्ति निघाली. तिच्यामुळें झीज होई ती पादुकेची, चाकाची नव्हे. पण पादुका एक तर लागलेली असे किंवा नसे. मधली स्थिति तिला ठाऊक नव्हती. उतार मध्येंच सौम्य झाला तर घोड्यांस ती फरफटत ओढावी लागे. एकाएकीं वाढला तर ती अपुरी पडे. लावण्याकरितां माथ्यावर थांबावें लागे आणि काढण्याकरितां पायथ्याशीं गाडी मागें रेटावी लागे. शिवाय तिनें रस्त्यास चर पडत, आणि वाटेंत ती निसटली तर पुढचा प्रसंग सांगावयास नको.

खरी सुधारणा झाली ती चाक अडविण्याची कल्पना सोडून, तें फिरतें ठेवूनच मंद करण्याची कल्पना रूढ झाली तेव्हां. घसरणाऱ्या चाकापेक्षां फिरणारें चाक रस्त्यास अधिक घट्ट धरून राहतें. मोटार चालविणाऱ्यांस हा अनुभव आहेच. एकोणिसाव्या शतकांत कॉनेस्टोगा गाडीच्या डाव्या अंगास एक लांब तरफ आली. ती ओढली म्हणजे मागच्या दोन्ही चाकांच्या धावांवर लांकडी ठोकळे दाबले जात. तरफेमुळें हाताचा जोर कित्येक पटींनीं वाढे; आणि मुख्य म्हणजे तो उताराच्या मानानें कमीअधिक करतां येई. ठोकळ्यास मऊ लांकूड पसंत करीत, कारण तें धावेस चांगलें बिलगतें आणि धाव झिजण्याऐवजीं स्वतः झिजतें. अमेरिकेच्या पश्चिम भागांतील गाडीवान तर जुन्या बुटांचें चामडें या ठोकळ्यांवर ठोकीत. न्यू हँपशायरमधील कॉन्कॉर्ड येथें १८२७ पासून बांधल्या जाणाऱ्या प्रसिद्ध टपालगाड्यांत ही तरफ हांकणाऱ्याच्या पायाशीं असे. त्यामुळें त्याचे दोन्ही हात लगामांकरितां मोकळे राहत.

ब्रेक काय काम करतो याची कल्पना यावी म्हणून आणखी एकच आंकडा देतों. वर सांगितलेली ३००० किलोंची गाडी १०० मीटर उंचीवरून सावकाश खालीं आणली, तर एकंदर जी उष्णता उत्पन्न होते तिनें बंबांतील १० लिटर पाणी उकळूं लागेल. यांतील कांहीं भाग रस्ता घेतो. बाकीची सर्व उष्णता चाकांपाशीं त्या चार बोटें रुंदीच्या ठोकळ्यांत साठते. लांब घाटांत ठोकळे धुमसूं लागतात याचें नवल नाहीं. गति दुप्पट झाली तर ती थांबविण्याचें काम चौपट होतें, म्हणून जाणता गाडीवान वेग वाढल्यावर ब्रेक दाबीत नाहीं. तो उतार लागण्यापूर्वींच ब्रेक लावतो.

ब्रेक किती महत्त्वाचा झाला हें कॅलिफोर्नियांतील टांकणखाराच्या वाहतुकीवरून दिसून येतें. १८८३ ते १८८९ या काळांत ‘मृत्यूची दरी’ नांवाच्या वाळवंटापासून मोहावे येथील रेल्वेपर्यंत १६५ मैल हा माल गाड्यांनीं नेत. दोन अवाढव्य गाड्या व मागें पाण्याची टांकी अशी ती माळ असे, आणि गाड्यांचीं मागचीं चाकें सात फूट उंचीचीं होतीं. ही माळ ‘वीस खेंचरांची गाडी’ म्हणून प्रसिद्ध आहे. पण बहुधा त्यांत खेंचरें अठराच असत, आणि गाडीलगतची शेवटची जोडी घोड्यांची असे. जेथें ओझ्याचा रेटा प्रत्यक्ष येतो तेथें अधिक वजनदार जनावर पाहिजे, हें त्यांतील मर्म. शिवाय हांकणाऱ्याखेरीज दुसरा एक माणूस असे, आणि उतारावर मागच्या गाडीचा ब्रेक सांभाळणें हें त्याचें एक मुख्य काम होतें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत फिलाडेल्फियापासून लँकेस्टरपर्यंत ६२ मैलांचा दगडखडीचा पक्का रस्ता झाला. पक्क्या रस्त्यानें ओढण्याचे श्रम घटतात हें उघड आहे. परंतु चिखल, माती आणि खांचखळगे हा गाडीचा फुकटचा ब्रेक होता, आणि रस्ता सुधारला कीं तो नाहींसा होतो. जी जी सुधारणा गाडी हलकी चालविते, ती ती उतारावर तिला अधिक अनावर करते. लोखंडी रूळ ही याची परिसीमा होय. मुंबईंत ९ मे १८७४ रोजीं सुरू झालेल्या आणि १९०५ पर्यंत चाललेल्या घोड्यांच्या ट्रॅमचे डबे एकदोन घोडे ओढीत, तें रुळांच्या गुळगुळीतपणामुळेंच. पण त्याच गुळगुळीतपणामुळें अशा डब्यास हातब्रेकवांचून गत्यंतर नव्हतें. हांकणाऱ्यानें मूठ फिरविली कीं साखळी गुंडाळली जाऊन चाकांवर ठोकळे आवळले जात.

पुढें मोटार आली आणि ब्रेकच्या सुधारणेचें पुढारपण तिच्याकडे गेलें. माल्कम लॉकहीड यानें १९१७ मध्यें तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचें पेटंट मिळविलें. पायपट्टी दाबली कीं नळींतील तेल चाकाच्या बंद डब्यांतील पट्ट्यांस बाहेर रेटतें. दाब दोन्ही चाकांवर सारखा पडतो, आणि घर्षणाची जागा झांकलेली असल्यामुळें चिखलपाण्यानें पकड सुटत नाहीं. गंमत अशी कीं, हा मोटारीचा ब्रेक पुन्हां घोडागाडीकडे परत आला. ज्या लँकेस्टर परगण्यांत कॉनेस्टोगा गाड्या बनत, तेथेंच आज ॲमिश पंथाचे लोक राहतात. धर्मनियमामुळें ते मोटार बाळगीत नाहींत व घोड्याच्या बग्गींतून फिरतात. परंतु त्याच बग्गीस तेलाच्या दाबाचे ब्रेक बसविलेले असतात. नव्या युगाची मोटार नाकारणाऱ्यांनीं तिचा ब्रेक मात्र घेतला, यांत आम्हांस मोठा विवेक दिसतो.

आतां आपल्याकडे वळूं. बोरघाटांतून चाकाच्या गाड्यांचा रस्ता १८३० सालीं खुला झाला. तत्पूर्वीं माल बैलांच्या पाठीवरून घाट चढे-उतरे. आज घाटांतून बैलगाड्या जात नाहींत, पण पश्चिम महाराष्ट्रांत ऊसतोडीच्या हंगामांत रबरी टायरांच्या बैलगाड्या अजून दिसतात, आणि एका गाडींत दोन-दोन टन ऊस भरलेला असतो. त्यांचाहि हिशेब पाहण्यासारखा आहे. एकंदर २००० किलोंची गाडी वीस फुटांस एक फूट या उतारावर आली, तर तिला १०० किलोंचा जोर खालीं लोटतो. मऊ मातीच्या वाटेवर लोखंडी धावेच्या चाकांस होणारा अडथळा सव्वाशें-दीडशें किलोंपर्यंत जातो, म्हणजे तेथें गाडी आपण होऊन पळतच नाहीं. डांबरी सडकेवर, टायर व बेअरिंग असलेल्या गाडीस हा अडथळा सुमारें ४० किलोच उरतो, आणि बाकीचे ६० किलो बैलांवर येतात. टायरानें चढावर बैलांचे श्रम वांचविले आणि उतारावर त्यांतील कांहीं परत त्यांच्याच मानेवर टाकले. बैलास घोड्यासारखा पुठ्ठ्यामागचा पट्टाहि नसतो. जूं मानेवरून शिंगांकडे सरकतें, आणि मान मागें ताठ धरून, गुळगुळीत डांबरावर नाल रोवून त्यानें गाडी थोपवावयाची असते. ओझ्यांसंबंधीं १९६५ च्या नियमांत लांब व तीव्र चढ असल्यास भार निम्मा करावा असें सांगितलें आहे. हें योग्यच आहे. पण गाडीला ब्रेक नसेल तर उतारहि तितकाच विचारणीय आहे.

मात्र चारचाकी बग्गीचा ब्रेक जसाच्या तसा बैलगाडीस लावून भागणार नाहीं. दोनचाकी गाडीचीं चाकें आवळलीं कीं सारा साटा पुढें झुकूं पाहतो आणि जुवावरील दाब वाढतो. म्हणून ब्रेकबरोबरच मानेवरील भाराचाहि विचार झाला पाहिजे. इस्लामपूरजवळील राजारामबापू तंत्रज्ञान संस्थेच्या विद्यार्थ्यांनीं २०२२ सालीं बैलांच्या मानेवरचें ओझें घेणारें एक आधारचाक तयार केलें होतें. अशा आधारचाकास चांगल्या ब्रेकची जोड मिळाली, तर दोन्ही दोषांचें एकदम निवारण होण्यासारखें आहे. ब्रेक हांकणाऱ्याच्या हातापायाशीं असावा, दोन्ही चाकांवर सारखा पडावा, कमीअधिक करतां यावा, चिखलानें निकामी होऊं नये आणि गांवच्या लोहारास दुरुस्त करतां यावा, एवढ्या अटी पुरेत. यांतील एकहि अट आजच्या कारागिरीस अवघड नाहीं.

आमच्या वाचकांच्या घरांत कोणी साखर कारखान्यांत अधिकारी असतील, कोणी अभियांत्रिकीचे अध्यापक वा विद्यार्थी असतील, कोणाची गांवीं शेती असेल. त्यांनीं येत्या हंगामांत भरलेली एखादी गाडी उतरणीवर असतांना क्षणभर थांबून बैलांच्या पायांकडे पाहावें, आणि गाडीवानास तिला ब्रेक आहे कीं नाहीं, असल्यास पावसांत धरतो कीं नाहीं, एवढें विचारावें. त्याच्या उत्तरांतच पुढें काय केलें पाहिजे तें बहुतेक आलेलें असेल.